रंग उडाला: सेल्फ-पोर्ट्रेट प्रकल्पाच्या नोंदी

४ जून

गेली बारा वर्षं मी वस्तूंचे फोटो काढते. घड्याळं, चपला, काचेच्या बाटल्या. वस्तू पापणी लववत नाहीत आणि "माझी डावी बाजू चांगली येते" असं सुचवतही नाहीत. सध्या हातात कामं कमी आहेत, म्हणून एक जुना बेत वहीवर उतरवते. स्वतःचेच फोटो काढायचे. मनात चाललेलं असतं ते रंगाने आणि एकावर एक चढवलेल्या थरांनी दाखवता येतं का, ते बघायचं.

नऊ भावना, नऊ चित्रं. तक्ताही करून टाकला. राग लाल, दुःख निळं, मत्सर हिरवा, आनंद पिवळा, भीती काळी-जांभळी, ओशाळलेपण गुलाबी. उरलेल्या तिघींना रंग सुचला नाही, तिथे प्रश्नचिन्ह.

तक्ता फारच नीटनेटका दिसतोय. बघू.

६ जून

आज फोटो एकही नाही, नुसती मांडामांड. मागे काळं मखमली कापड, त्याच्या दीड मीटर पुढे स्टूल, कॅमेरा ट्रायपॉडवर, ५० मिलिमीटरची लेन्स. कॅमेऱ्यामागे कोणी नाही, ही या प्रकारातली पहिली अडचण. १८३९ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचा डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा फोटो) काढला, त्यातही तो मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला आहे. मला तो फोटो त्या सरकण्यामुळेच आवडतो.

माझी गरज मात्र त्याच्याहून हट्टी आहे. डोकं नुसतं चौकटीत येऊन भागणार नाही. उठून परत बसल्यावर ते पुन्हा त्याच जागी यायला हवं, नाहीतर थर एकमेकांवर बसायचे नाहीत. स्टुलाच्या पायांभोवती फरशीवर खडूने गोल काढले. पाठ टेकायला मागे काठी उभी केली, ती खांद्यावरून डोकावायला लागली म्हणून काढली. शेवटी छताच्या हुकाला दोरी बांधून ओळंबा सोडला, गवंडी वापरतात तसला पितळी. बसायचं, नाकाचा शेंडा ओळंब्याच्या टोकाला टेकवायचा, दुसऱ्या दोऱ्याने ओळंबा बाजूला ओढायचा आणि पायाखालचं रिमोट दाबायचं. गार पितळ नाकाला लागलं की श्वास आपोआप रोखला जातो. हे लिहून ठेवते, कारण हे फोटोत दिसणार.

फोकस ओळंब्याच्या टोकावरच हाताने लावला आणि रिंगवर चिकटपट्टी मारली. एफ २.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक मोठं ठेवलं तर, नाक रेखीव आणि कान धुक्यात. थर जुळवताना कानाची कड कामी येते, म्हणून भोक लहान, एफ ८.

९ जून

रागाचा दिवस. एका दिव्यावर लाल जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, बाकी अंधार. रागवायचं म्हणजे काय करायचं कळेना, म्हणून भुवया आवळल्या. वीस फोटो काढले. स्क्रीनवर एक लाल तबकडी दिसली, तिला दोन डोळे. नाक गायब, ओठही गायब.

कारण मला ठाऊक असायला हवं होतं. कातडी लाल उजेड भरपूर परतवते, ओठही परतवतात, त्यामुळे दोघांतला फरकच पुसला जातो. डाग, पुटकुळ्या सगळं गुळगुळीत. त्यात सेन्सरची तऱ्हा अशी की त्यावरच्या बारीक चौकटींपैकी निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. निव्वळ लाल उजेडात पाऊण सेन्सर जवळपास उपाशी आणि उरलेला पाव उतू चाललेला. हिस्टोग्राम मात्र "सगळं ठीक" म्हणत राहिला. उजेडाच्या एकत्रित आलेखात नेहमीच्या सूत्राने लालाचा वाटा सुमारे ३० टक्के, हिरव्याचा ५९ आणि निळ्याचा ११ धरतात. म्हणजे लाल २५५ ला, सगळ्यांत उजळ आकड्याला, भिडून फुटला तरी आलेखाचं टोक ७६ च्या आसपास. दोन स्टॉप उतरवले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तिन्ही रंगांचे आलेख वेगळे लावले आणि एका कडेने पांढऱ्या दिव्याची पातळ रेघ दिली, तेव्हा कुठे नाक परत आलं.

नाक आलं. राग आला नाही.

१० जून

कालचे फोटो पुन्हा बघितले. डार्करूममध्ये चष्मा शोधणारी बाई. सगळे खोडले.

१३ जून

दुःख. निळा जेल, खाली वळलेली मान, खांदे पाडलेले. तांत्रिकदृष्ट्या कालपर्यंतच्या सगळ्यांत चांगला फोटो हाच. मी खूश होते.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. आईची कागदपत्रं द्यायची होती, तेवढ्यापुरता. माझ्या कामाच्या खोलीत तो दोन वर्षांत पहिल्यांदाच डोकावला. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "ताई, थंडी वाजतेय का तुला यात?"

हसले, पण तो गेल्यावर बघते तर खरंच तसंच दिसतंय. हुडहुडी भरलेली बाई.

निळ्या उजेडात कातडी लालाच्या अगदी उलट वागते. काळवंडते, आणि एरवी न दिसणारा प्रत्येक डाग वर येतो. फ्रेंच छायाचित्रकार इपोलित बायार आठवला. कागदावर थेट पॉझिटिव्ह उमटवण्याची पद्धत त्याने स्वतः शोधली होती, पण मान आणि पैसा डॅगेरोटाइपवाल्या दागेरला मिळाला. तेव्हा १८४० मध्ये त्याने बुडून मेलेल्या माणसाचं सोंग घेऊन स्वतःचा फोटो काढला. डोळे मिटलेले, अंग उघडं. फोटोच्या मागे खुद्द मयताबद्दलचा मजकूर, की बघा, चेहरा आणि हात कुजायला लागलेत. त्या काळची रसायनं निळ्या उजेडाला जागायची, लाल त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून उन्हात रापलेले हात आणि चेहरा काळे उमटले. त्या काळेपणावर बायारने आपलं गाऱ्हाणं रचलं. त्याने रंग निवडला नव्हता. जे झालं ते ओळखलं आणि वापरलं.

मी मात्र दुकानात साडीचा रंग निवडावा तसा दुःखाचा रंग निवडून बसलेय.

१५ जून

तक्ता फाडला.

दुःख निळं असतं हे मला कोणी सांगितलं? आयुष्यात कधी मी "आज मी निळी आहे" म्हणाले नाही. मत्सराने आपल्याकडे माणूस जळतो, हिरवा होत नाही. हे सगळं उसनवारीचं. बरं, घरचं उघडून बघावं तर नाट्यशास्त्रात रसांना रंग वाटून दिलेले आहेतच. करुणाला कपोत म्हणजे पारव्याचा राखाडी, रौद्राला लाल, भयानकाला काळा, हास्याला पांढरा, अद्भुताला पिवळा. आणि निळा? तो बीभत्साला. म्हणजे त्या हिशेबाने परवा मी किळस काढत होते आणि तिला दुःख म्हणत होते.

पण तक्त्याच्या जागी दुसरा तक्ता आणून काय साधणार? मग आपण बोलताना काय म्हणतो ते लिहीत गेले. रागाने लालबुंद झाला. पांढराफटक पडला. चेहरा काळवंडला. गोरीमोरी झाली. रंग उडाला. तोंड उतरलं. अर्धं पान भरल्यावर लक्षात आलं की यातल्या प्रत्येकाला क्रियापद लागतंय. चेहऱ्याचा रंग चढतो, उडतो, उतरतो, पडतो. नुसता असत कुठेच नाही. आणि गोरामोरा हा रंग कुठल्या शेडकार्डावर सापडणार? तरी गोरामोरा झालेला माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कळतो.

मला या रंगातून त्या रंगात जाणं हवंय. ते एका फोटोत कसं मावणार, ठाऊक नाही. नऊ चित्रांचाही आग्रह सोडला. होतील तेवढी.

१९ जून

थरांचा आठवडा. पहिला प्रयत्न सगळे करतात तोच केला. चेहऱ्याच्या आत झाड. मग चेहऱ्याच्या आत लाटा. मग चेहऱ्यावर पक्ष्यांचा थवा. एक फोटो कॅलेंडरवर शोभेल, जून महिन्याला. चेहरा नुसती बरणी झाला आणि आत काहीही भरता येतंय, असं वाटलं. इटलीच्या छायाचित्रकार वांदा वुल्झने १९३२ मध्ये स्वतःच्या चेहऱ्यावर मांजराचा चेहरा चढवला, तो आजही अंगावर येतो. तिथे दोन्ही थर चेहरेच आहेत, दोघेही जागेसाठी भांडतात. झाड भांडत नाही.

हिशेब वहीत असावा म्हणून: थर मिसळायचे दोन मोड, मल्टिप्लाय आणि स्क्रीन. ० काळा आणि २५५ पांढरा धरून करडा १२८ वर करडा १२८ ठेवला तर मल्टिप्लायमध्ये ६४ येतो, स्क्रीनमध्ये १९२. म्हणजे मल्टिप्लाय दोन पारदर्शक कागद एकावर एक धरल्यासारखं, आणि स्क्रीन दोन प्रोजेक्टर एकाच पडद्यावर टाकल्यासारखं. माझं कापड काळं, म्हणून मला स्क्रीन. काळ्यावर स्क्रीन केलेलं जसंच्या तसं राहतं. थेट कॅमेऱ्यात एकाच फ्रेमवर दोन एक्सपोजर घ्यायची तर दोन्ही एकेक स्टॉप कमी, तीन घ्यायची तर दीड-दीड, चार असतील तर दोन-दोन. काळ्या कापडापुढे चेहरे एकमेकांवर येत नसतील तर मात्र काहीच कमी करायचं नाही. हे विसरून मी आज बारा फोटो अंधारात घालवले.

२२ जून

आज काहीतरी हाती लागलं, जे हवं होतं त्याच्या बरोबर उलट.

विचार असा होता की दिवसभर दर तासाला ओळंब्याला नाक लावून एक फोटो काढायचा आणि बाराही फोटोंची सरासरी करायची. दिवसभराच्या सगळ्या भावना एका चेहऱ्यात. सरासरीसाठी थरांची ओपॅसिटी, म्हणजे थर किती टक्के अपारदर्शक ते, खालून वर १००, ५०, ३३, २५, २० अशी उतरत जाते, बाराव्याची ८. सकाळी एका गिऱ्हाइकाशी फोनवर तणातणी झाली होती, दुपारी पाठ दुखत होती, सहा वाजता उगाच बरं वाटत होतं. सगळं फोटोंत आहे, सुटं बघितलं तर दिसतं.

एकत्र केलं आणि पासपोर्टातली मी समोर आली. फरक इतकाच की या बाईची झोप छान झालेली आहे. कातडी तुकतुकीत, नजर सोज्वळ.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनचंही हेच झालं होतं. १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्याने गुन्हेगारांचे चेहरे एकाच प्लेटवर एकामागून एक उमटवले, गुन्हेगारीचा नमुना-चेहरा मिळेल या आशेने. मिळाला तो सुट्या चेहऱ्यांपेक्षा बरा दिसणारा माणूस. दुष्टपणा प्रत्येकाचा वेगळा होता, तो सरासरीत विरून गेला. त्याचा हेतू वाईट होता, पण निकाल माझ्या कामाचा आहे. थर एकमेकांत मुरवले की भाव जातो. ते एकमेकांपासून सुटे दिसले पाहिजेत.

२३ जून

दिव्याचा बल्ब गेला. सुट्टी.

२७ जून

थर जुळवायला मी डिफरन्स मोड वापरते. वरचा थर डिफरन्सवर टाकला की दोन्हींत जिथे तंतोतंत सारखं तिथे काळं होतं, जिथे फरक तिथे उजळतं. मग वरचा थर बाणाच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवायचा, चित्र जास्तीत जास्त काळं होईपर्यंत. जुळलं की मोड बदलायचा. वस्तूंच्या कामात हे शेकडो वेळा केलंय.

आज मोड बदलायचं राहिलं आणि मी त्या काळ्या चित्राकडे बघत बसले. वीस सेकंदांच्या अंतराने काढलेले दोन फोटो. दोन्हींत मी "हललेच नव्हते". पूर्ण काळोख, आणि त्यात डाव्या पापणीची एक केसाएवढी कड. वरच्या ओठाचा कोपरा. कॉलरवर मात्र ठळक दोन रेघा, कारण श्वास. ओळंब्याने धरायला लावलेला श्वास दुसऱ्या फोटोआधी सुटला होता. चेहरा सगळा बुजला होता आणि मी स्वतःची ओळखू येत होते, फक्त जिथे मला स्थिर राहता आलं नव्हतं तेवढ्यावरून.

वहीत सहज शब्द लिहिले: हुरहूर, रुखरुख, तगमग, चुळबूळ, घालमेल, धाकधूक. जोराने वाचून बघितले. तोच आवाज दोनदा, दुसऱ्यांदा किंचित सरकलेला. तग-मग. चुळ-बूळ. आपली भाषा हे दोन थरांचं काम कधीपासून करत आलीय आणि मी झाडं चिकटवत बसले होते.

म्हणजे थर माझेच हवेत. तीच मी, जराशी सरकलेली.

२ जुलै

रंगाचा प्रश्न उरला होता, तो आज रात्री आडवी पडले असताना सुटला. उठून लिहितेय.

१८६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये चौकड्यांच्या एका रिबनचं रंगीत चित्र पडद्यावर दाखवलं. थॉमस सटनने त्या रिबनचे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून वेगवेगळे फोटो काढले होते. तिन्ही कृष्णधवल. त्याच रंगांच्या उजेडाने ते एकावर एक टाकले की रंग परत येतो. (त्या प्लेटला लाल दिसतच नव्हता. १९६१ मध्ये कोडॅकच्या संशोधकांनी पुन्हा करून बघितलं तेव्हा उलगडा झाला. रिबनचा लाल रंग अतिनील किरणही परतवत होता आणि प्लेटने ते टिपले होते. नशीब असावं तर असं.) पुढे रशियात प्रोकुदिन-गोर्स्कीने याच तत्त्वाने गावं, नद्या, माणसं टिपली. त्याच्या फोटोंत माणूस तिन्ही वेळा स्थिर बसला असेल तर हुबेहूब रंगात येतो. नदीचं पाणी मात्र लाल-हिरव्या-निळ्या चिंध्यांचं दिसतं, कारण तिन्ही प्लेटांच्या मधल्या वेळात ते पुढे गेलेलं असतं.

जे थांबलं ते आपल्या रंगात. जे हललं त्याचा रंग उडाला.

मला जेल नकोत, रंगीत दिवे नकोत. एक पांढरा दिवा, तीन फोटो. पहिल्यातून फक्त लाल चॅनल, म्हणजे फोटोतला तेवढ्या रंगाचा भाग, घ्यायचा, दुसऱ्यातून हिरवा, तिसऱ्यातून निळा, आणि एका फाइलमध्ये एकत्र. डिजिटल सेन्सरला गाळणी आधीच बसवलेली आहे, वेगळी लावायचीही गरज नाही.

पहाटेचे अडीच. आता झोप.

५ जुलै

चाचणी: चुळबूळ. आठ-आठ सेकंदांनी तीन फोटो, स्टुलावर मुद्दाम मान न आवरता. पहिल्याच झटक्यात बरं आलं. स्टूल, शर्टाची शिवण, मांडीवरचा डावा हात, सगळं नेहमीच्या रंगात. चेहऱ्याच्या कडेला एकीकडे लाल, दुसरीकडे निळसर झालर.

एक गोष्ट शिकायला अर्धा तास गेला. चेहरा उजळ, कापड काळं, तिथे लाल थराची कड लालच दिसते. पण बुबुळं काळी आणि भोवती उजळ कातडी, तिथे गणित उलटतं. लाल फोटोतलं बुबुळ त्या जागी फक्त लाल अडवतं, हिरवा आणि निळा येत राहतात, म्हणून ते मोरपिशी दिसतं. तसंच हिरव्यातलं बुबुळ जांभळं-गुलाबी आणि निळ्यातलं पिवळं. म्हणजे पहिली नजर मोरपिशी, शेवटची पिवळी. हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं, दरवेळी गोंधळ होतो.

चुळबूळ ठेवते. पहिलं चित्र झालं.

९ जुलै

रुखरुख.

हे टाळत होते. दोन वर्षांपूर्वी भावाने नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायचं ठरवलं. मला सांगायला आला तो उत्साहाने फुललेला, कागदांची फाइल घेऊन. मी फाइल न उघडताच म्हणाले, "तुला जमणार नाही." नाहीच जमलं. वर्षभरात तो परत नोकरीत गेला. मी बरोबर होते. चुकले असते तर माफी मागून मोकळी झाले असते. बरोबर ठरलेल्या माणसाने कशाची माफी मागायची?

वाक्य तीन शब्दांचं आहे. चॅनल तीन आहेत.

सकाळी दार लावून घेतलं. रिमोट पायाखाली. प्रत्येक शब्द तोंडातल्या तोंडात नव्हे, त्या दिवशीच्या आवाजात म्हणायचा आणि ठरलेल्या अक्षराला टाच दाबायची. "तुला"च्या लाला, तोंड उघडं: लाल. "जमणार"च्या मला, ओठ बंद: हिरवा. "नाही"च्या हीला: निळा. नजर पहिल्यात समोर, दुसऱ्यात खाली, तिसऱ्यात पुन्हा समोर. शटर १/१२५, ओळंबा प्रत्येक शब्दाआधी. सतरा वेळा म्हटलं. पाचव्या-सहाव्यांदा आवाज फुटला, नंतर सरावला, आणि सराव झाला हेच वाईट वाटलं. अकरावा संच वापरतेय.

जोडल्यावर: कपाळ, केस, कान जसेच्या तसे, साध्या उजेडातले. डोळ्यांत मोरपिशी आणि पिवळी अशा दोन नजरा जवळजवळ एकावर एक, खालची गुलाबी वेगळी, पापणीत बुडालेली. तोंडाच्या जागी खळबळ. उघड्या तोंडाचा काळोख, त्यावर मिटलेल्या ओठांची कड, आणि मधोमध दात. दात फक्त तिसऱ्या फोटोत दिसतात, म्हणून निळे.

मोठं करून बघितलं आणि थांबले. निळ्या थरात मी हसतेय.

१० जुलै

त्या दिवशी भाऊ जाता जाता म्हणाला होता, "आणि वर हसतेस." मी दोन वर्षं सांगत आले की मी हसले नव्हते.

"ही" म्हणताना ओठ दोन्ही कानांकडे ताणले जातात, तो ई आहे. फोटो काढताना लोकांना ई येणारे शब्द म्हणायला लावतात ते उगाच नाही. पडताळून बघावं म्हणून आज पाढे म्हणावेत तसं कोरडं "नाही" म्हणून दहा फोटो काढले. मग "वही", "सही", "दही". सगळ्यांत दात, सगळ्यांत ओठांचे कोपरे वर. डिफरन्सवर टाकून कालच्याशी ताडले. तोंडाच्या जागी जवळजवळ काळं. डाव्या डोळ्याखाली मात्र एक बारीक उजळ चंद्रकोर राहते, कालच्या फोटोत तिथे गाल थोडा जास्त वर गेलाय.

ई मुळेच असेल. सतरा वेळा म्हणून स्नायू दमले असतील. ओळंबाही हलला असेल, दोरी ढिली झालीच आहे.

चित्रात काहीही दुरुस्त केलं नाही.

१६ जुलै

प्रिंटची चाचणी. स्क्रीनवरचे निळे आणि लाल कागदावर तसे येत नाहीत हे माहीत असूनही दरवेळी जीव खाली-वर होतो. मॅट कागदावर काळा करडट पडला आणि निळा जांभळ्याकडे झुकला. दात जांभळे म्हणजे शाईचं पेन चावल्यासारखे. कागदाची प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी येईल त्याची स्क्रीनवरची झलक, बघितला, निळ्याचा भडकपणा थोडा उतरवला, रंगछटा मोरपिशीच्या दिशेने अगदी किंचित सरकवली. चाचणीसाठी पूर्ण प्रिंट न काढता तोंडाची तेवढी आडवी पट्टी काढते, त्याच तुकड्यात सगळी भांडणं आहेत.

तगमगचे फोटो अर्धवट आहेत. गोरामोराला अजून हात लावलेला नाही.

१८ जुलै

भाऊ कागदपत्रं परत न्यायला आला. टेबलावर पट्ट्या वाळत होत्या. एक उचलून उजेडात धरली.

"हे तोंड तुझं आहे ना, ताई? काय बोलतेयस?"

सांगावं की नाही, असा विचार केला. सांगितलं. लाल, हिरवा, निळा, कुठला शब्द कुठे, तेही सांगितलं, कारण तांत्रिक सांगत राहिलं की बरं पडतं. तो बराच वेळ पट्टी जवळ-लांब करत बघत राहिला. मग निळ्या दातांवर बोट ठेवलं.

"हे बघ. म्हटलं नव्हतं तुला?"

"अरे, तो ई आहे," मी म्हणाले. "'ही' म्हणताना सगळ्यांचंच होतं तसं. म्हणून बघ."

त्याने आरशासमोर जाऊन "नाही" म्हटलं. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणताना त्याला खरंच हसू फुटलं.

पट्टीत निळा अजून जांभळ्याकडे आहे, पुन्हा काढावी लागेल. ती जुनी तो घेऊन गेला.